झिजवलेली तबकडी

आवाज मोठा असला की सूर कुणी तपासत नाही, असं आमचा ताशेवाला सोपान म्हणायचा. त्याच भरवशावर आम्ही लोणावळ्यात पंधरा-सोळा वर्षं बेंजो पार्टी चालवली. लग्नाच्या वराती, जत्रेतल्या पालख्या, नव्या ट्रकच्या पूजा आम्ही वाजवल्या. एकदा तर निवडणूक हरलेल्या माणसाची मिरवणूकही वाजवली, कारण त्याने आम्हाला आधीच ठरवून ठेवलं होतं आणि आम्ही पोहोचेपर्यंत निकाल लागला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. नखी मी दात घासायच्या जुन्या ब्रशच्या दांडीतून कापून घ्यायचो. ज्याला सतार जमत नाही आणि पेटीही जमत नाही, त्याला बेंजो जमतो. मूळचा आवाज एका खोलीपुरता. पण त्याच्या पोटाला टेलिफोनमधला ऐकायचा तुकडा चिकटवायचा, तिथून वायर अ‍ॅम्प्लिफायरला, अ‍ॅम्प्लिफायर मोटारच्या बॅटरीला, आणि वर कर्णा. मग अख्खं गाव दाराबाहेर येतं. ही जोडणी आमचा गणपत करायचा. तो एरवी बंगल्यांतली वायरिंगची कामं करी. टेलिफोनचा तुकडा त्याने कुठून आणला हे मी कधी विचारलं नाही.

पावसाळ्यात लग्नं बंद, म्हणून ते चार महिने मी बाजारातल्या एका खोपटात ग्रामोफोन दुरुस्त करायचो. लोणावळ्याच्या दमट हवेत रेकॉर्डींनाही बुरशी येते, हे मुंबईच्या बंगलेवाल्यांना ठाऊक नसतं. ते मे महिन्यात रेकॉर्डींचा गठ्ठा कपाटात ठेवून जात आणि दिवाळीला येऊन बघत, तर प्रत्येकीवर पांढरी दाढी. मग ‘टाकून दे’ म्हणत, आणि मी काहीच टाकायचो नाही.

लोक विचारतात, तुमच्या आवडत्या रेकॉर्डी कोणत्या. त्यांना वाटतं मी सिनेमातली गाणी सांगेन. ती मी पोटासाठी हजार वेळा वाजवली, पण ती सगळ्यांचीच होती. माझा जीव जडायचा तो दुकानात न मिळणाऱ्या रेकॉर्डींवर. ज्यांच्यावरचा नावाचा कागद गळून पडलाय, ज्या काढणारी कंपनी दोन वर्षांत बुडाली, आत कोण वाजवतंय हे सांगायला कुणी उरलेलं नाही. असली एखादी हाती आली की मला दुसरं काही सुचायचं नाही. कोण असेल हा? बसून वाजवत असेल की उभ्याने? हाच सूर त्याला का सुचला? बायको म्हणायची, सोयरीक जुळवायची असल्यासारखी चौकशी करता.

तशी पहिली रेकॉर्ड इंग्रजी होती. एका बंगल्यातून विजेवर चालणारा, तीन वेगांचा प्लेअर दुरुस्तीला आला. त्याचा वेग बदलायचा खटका सगळ्यात जलद वेगावर अडकला होता, आणि त्या खटक्याचं काम काय हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर चावीचे ग्रामोफोन केलेले, त्यांना वेग एकच. सोबत एक छोटी रेकॉर्ड होती. ती लावली, तर आतली माणसं मागे कुत्रं लागल्यासारखी वाजवत सुटली. सूर तीनच, पण घाई केवढी. मी थक्क झालो. मी आणि सोपानने आठ दिवस बोटं सोलून ती चाल बसवली. मग मालक आले. त्यांनी जोर लावून तो खटका हलवला, आणि तीच रेकॉर्ड रमतगमत वाजू लागली. आम्ही केलेला प्रकार ऐकून ते गृहस्थ हसता हसता खाली बसले.

आम्ही मात्र वेग कमी केला नाही. कामशेतच्या एका वरातीत ती चाल आमच्या वेगाने वाजवली, आणि नवरदेवाचे मित्र असे नाचले की नवरदेव एकटाच घोड्यावर पुढे निघून गेला. तेव्हापासून आमची ओळखच ती झाली. दुसऱ्या पार्ट्या गोड वाजवायच्या, आम्ही धडाधड वाजवायचो. पुण्याकडचे बॅन्डवाले आम्हाला ‘पत्र्यावरची वानरं’ म्हणत. आम्हाला त्याचा अभिमानच वाटायचा.

फिरणं म्हणजे चालणं. रेल्वेने कामशेत नाहीतर कान्हे, तिथून मिळाली तर बैलगाडी, नाहीतर पाय. पाळीपाळीने कर्णा एकाच्या डोक्यावर, बॅटरी बाकीच्या दोघांच्या मध्ये बांबूला टांगलेली. ती हिंदकळून आतलं अ‍ॅसिड सांडायचं, म्हणून आमच्या तिघांच्याही पॅन्टींना उजव्या मांडीवर भोकं असत. गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. तिकोणा पेठेत, म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात, एका मुलीच्या बापाच्या ध्यानात आलं, की कर्णा किल्ल्याकडे तोंड करून धरला की कडा तेच परत वाजवतो. मग त्याने आम्हाला एक ओळ वाजवून थांबायला लावलं, डोंगराने वाजवून झाली की पुढची ओळ. वरात देवळापासून मांडवापर्यंत, म्हणजे हाकेच्या अंतरापुरती होती. मुहूर्त टळायची वेळ आली. भटजी तणतणत होते आणि हा गृहस्थ डोळे मिटून म्हणत होता, “थांबा वो. त्येचं होऊ द्या की.” असा ऐकणारा मला पुन्हा भेटला नाही.

आता ज्या रेकॉर्डसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

ती मला कामशेतला एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे मिळाली. त्याच्या दुकानात मिठाच्या मडक्यावर ती झाकण म्हणून ठेवलेली होती. मधलं भोक चिंधी कोंबून बुजवलेलं. मी त्याला पितळेचं चांगलं झाकण आणून दिलं आणि ती घेतली. मीठ धुऊन, पुसून, वाळवून लावली. कागदावर नुसतं अर्धं कमळ शिल्लक होतं, अक्षर एकही नाही. आणि आत सनई.

सनई जोडीने वाजते. एक जण चाल वाजवतो, आणि दुसरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून ठेवतो. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, न तोडता. ऐकणाऱ्याचं लक्ष चाल वाजवणाऱ्याकडे असतं, आणि सूर धरणाऱ्याकडे कुणी बघतही नाही. त्या रेकॉर्डमधला चाल वाजवणारा काही निराळाच होता. वरातीची चाल होती, पण मध्ये एका ठिकाणी ती वर चढायची आणि तिथे असं काही वळण घ्यायची की ते ऐकताना मी हातातलं काम सोडून द्यायचो. ते वळण मला बेंजोवर हवं होतं. अगदी हवंच होतं.

आम्हाला नोटेशन येत नव्हतं. शिकायची पद्धत एकच. सुई उचलायची, दोन आटे, म्हणजे रेकॉर्डवरच्या दोन रेघा, मागे ठेवायची, ऐकायचं, बटणं चाचपायची, पुन्हा सुई मागे. खरं तर लोखंडी सुई रेकॉर्डची एक बाजू वाजली की बदलायची असते, नाहीतर ती बोथट होऊन रेकॉर्डच खरवडते. दुसऱ्यांच्या रेकॉर्डींना मी हे कटाक्षाने पाळायचो. स्वतःच्या रेकॉर्डला एकच सुई आठ आठ दिवस. सारा पावसाळा मी त्या एका वळणावर घासत बसलो. गणपती येईपर्यंत वळण बोटांत आलं, आणि रेकॉर्डवर त्या जागी काळ्याचा करडा पट्टा पडला. मला त्याचं काही वाटलं नाही. काम झालं होतं. वेग अर्थातच दुप्पट केला, आणि ती चाल आमची वरात सुरू करायची चाल झाली.

तीन-चार वर्षं गेली. मग आंदर मावळात, धरणाच्या पलीकडे, एका गावचं लग्न मिळालं. त्या गावात रीत अशी की बाहेरचा कितीही मोठा बॅन्ड आणा, पहिला सूर गावच्या वाजंत्र्याचा. तो वाजंत्र्याच्या घराचा मान. कोंडिबा आबा म्हणून साठीचे वाजंत्री होते, बारीक, डोक्याला पटका. ते मांडवाच्या दारात आले, सनई ओठाला लावली आणि नुसता एक सूर धरला. चाल नाही, काही नाही. बराच वेळ धरला, उतरवला, सनई फडक्यात गुंडाळली आणि आंब्याखाली जाऊन बसले. मला नवल वाटलं. नवऱ्याच्या बापाला विचारलं तर तो म्हणाला, “भाऊ गेल्यापून येवढंच करत्यात. त्यो वाजवायचा, ह्ये सूर धरायचं. पन मान हाय म्हनल्यावर द्यावा लागतो.”

आम्ही सुरू केलं. नेहमीचीच चाल, नेहमीच्याच वेगाने. पोरं नाचायला लागली. आणि आबा आंब्याखालून उठले, गर्दीतून वाट काढत आले आणि कर्ण्याच्या समोर हात आडवा धरून उभे राहिले. मी थांबलो. वरात थांबली. नवऱ्याचा बाप धावत आला. “आबा, मान दिला ना तुमाला? आता का आडवताय?”

“मानाचं न्हाई,” आबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. “ह्ये कुटनं आनलंस तू? ह्ये दादाचं हाय.”

“रेकॉर्डवरून घेतलंय आबा,” मी म्हणालो.

त्यांना पटकन उमगलं नाही. मग ते हळूच म्हणाले, “ती तबकडी निगाली व्हय?”

वरात संपल्यावर आम्ही दोघं आंब्याखाली बसलो. फार वर्षांपूर्वी खंडाळ्याला एका शेठच्या घरच्या लग्नात या दोघा भावांनी वाजवलं होतं. शेठ खूश झाला आणि त्यांना मुंबईला घेऊन गेला. भिंतींना गोधड्या टांगलेल्या एका खोलीत त्यांना उभं केलं, समोर एक पेटी ठेवली आणि वाजवा म्हणाले. दोनदा वाजवलं, जेवून परत आले. पुढे कुणी काही कळवलं नाही. शेठही वारला. “दादा मरस्तवर म्हनायचा, कोंडू, आपलं वाजवनं कुटंतरी फिरत आसंल,” आबा म्हणाले. “मला वाटायचं, येड लागलंय त्येला.”

मी एकावर एक प्रश्न विचारत होतो. इतक्या वर्षांनी आत कोण आहे ते सापडलं होतं, माझा आनंद पोटात मावत नव्हता. दादा उभ्याने वाजवायचे की बसून? वळण कुणाकडून घेतलं? आबांनी सगळं सांगितलं. मग म्हणाले, “तेवडी तबकडी आन हितं. दादा जाऊन वीस वर्सं झाली. येकदा ऐकतो.”

“आणतो,” मी म्हणालो, आणि म्हणतानाच तो करडा पट्टा डोळ्यांपुढे आला.

घरी येऊन रेकॉर्ड लावली. तीन वर्षांत मी ती लावलीच नव्हती. सुरुवात ठीक होती. त्या जागेशी सुई आली आणि खरखर सुरू झाली. मी ती बंद करून ठेवली.

नंतरचं वर्षभर मी आंदर मावळाकडे फिरकलो नाही. दुसरी प्रत मिळते का ते शोधत राहिलो. पुण्याच्या जुन्या बाजारात दर रविवारी गेलो, मुंबईला दोनदा जाऊन आलो, ओळखीच्या सगळ्या दुरुस्तीवाल्यांना अर्धं कमळ कागदावर काढून दाखवलं. एकाने उरलेलं अर्धं कमळ काढून दिलं, पण रेकॉर्ड कुणाकडेच नव्हती. जगात कुठे असेल तर ती माझ्याकडेच होती, आणि ती मीच खरवडली होती. तिकडून येणाऱ्या भाताच्या गाड्यांबरोबर निरोप यायचे. “आबा इचारत्यात, तबकडी कवा आनताय.” मी सांगायचो, सुई मिळत नाहीये. सुयांचा डबा माझ्या टेबलावर असायचा.

शेवटी सोपानच वैतागला. “ऐकवायचं नसेल तर तसं सांग जाऊन. म्हाताऱ्याला का झुलवतोस?” तो बरोबर बोलत होता. मी ग्रामोफोन पाठीला बांधला, बेंजो खांद्याला लावला आणि एकटाच निघालो. बेंजो का घेतला, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

आबांचं घर गावाच्या कडेला होतं. दुपारची वेळ. त्यांनी ओटी सारवून ठेवली होती आणि ग्रामोफोनसाठी घोंगडी अंथरली होती. स्वतः पटका बांधून बसले. त्यांची सून दाराशी उभी होती. मी नवी सुई लावली, चावी भरली आणि रेकॉर्ड सोडली.

सनई सुरू झाली. आबांचा चेहरा मी बघू शकत नव्हतो, म्हणून त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. हात मांडीवर होता, बोटं आखडलेली. पहिल्या ओळीला ते म्हणाले, “दादा.” एवढंच. मग चाल चढू लागली, आणि करड्या पट्ट्यावर सुई आली.

खरखर सुरू झाली. पण त्या खरखरीच्या खाली एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली. चाल पूर्ण गेली होती, सूर मात्र शिल्लक होता. चालीचा जोर जास्त, म्हणून तीच आधी घासली गेली. खालचा बारीक सूर तेवढा वाचला होता. आबांनी मान वाकडी करून कान लावला.

“ह्यो मी,” ते म्हणाले. “ह्यो सूर माजा हाय.” मग त्यांनी विचारलं, “दादा कुटं गेला?”

मी त्यांना खरं सांगितलं. सुई, आटे, पावसाळा, सगळं. मी चाल काढायला घासली, आणि घासून संपवली. सून आत निघून गेली. रेकॉर्ड संपून नुसती फिरत राहिली तरी सुई उचलायचं मला भान नव्हतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

मग आबा म्हणाले, “मला येत न्हाई त्ये.”

“काय आबा?”

“चाल. तीस वर्सं खाली सूर धरला, पन चाल कवा हातात घेतली न्हाई. ती त्येची हुती. त्येच्या पोरानं सनई धरलीच न्हाई.” मग बेंजोकडे बोट दाखवून म्हणाले, “त्ये काड. तुला येतंय ना?”

कर्णा नव्हता, बॅटरी नव्हती. खोलीपुरत्या आवाजात मी वाजवायला लागलो. दोन ओळी होताच त्यांनी हात वर केला. “येवडी घाई कशापायी? नवरी पळून चाललीया व्हय?” मी वेग कमी केला. त्यांनी आणखी कमी करायला लावला. त्या वेगात माझ्या बोटांना आधारच सापडेना. मग आबांनी फडक्यातली सनई काढली, पाण्याने ओली केली आणि सूर धरला. तो खालून उठून जागेवर बसला आणि तिथेच राहिला. त्यावर चाल ठेवली तर ती आपोआप उभी राहिली. इतकी वर्षं मी सूर न तपासता वाजवत होतो, तो त्या दिवशी तपासला गेला.

त्यांना चाल वाजवता येत नव्हती, पण तिचं एकूण एक पाऊल ठाऊक होतं. कुठे दादा मान हलवायचे, कुठे सूर जरा तिरका लावायचे. दुपारभर त्यांनी मला दुरुस्त केलं. त्या चढाच्या अगदी अलीकडे एक जागा होती. तिथे रेकॉर्डमध्ये चाल क्षणभर तुटायची. मला ती रेकॉर्डची खोट वाटायची, म्हणून मी तिथे दोन-चार सूर घालून ती भरून काढली होती. आबांनी सनई खाली घेतली.

“तितं गप ऱ्हा.”

“तिथे तुटतंय आबा.”

“तुटत न्हाई. तितं दादाचा दम संपायचा. ल्हानपनी छातीचं दुकनं झालतं त्येला. त्यो दम घेस्तवर मी सूर धरायचो, मंग त्यो वर चडायचा. कुनाला कळायचं बी न्हाई.” आणि सनई पुन्हा ओठाला नेता नेता म्हणाले, “ती माजी जागा हाय.”

मी पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं आणि तिथे येऊन बोटं उचलली. आबांचा सूर एकटा राहिला. त्यांनी तो किती वेळ धरला कुणास ठाऊक, मला वाटलं त्यांचाही दम जाईल. मग त्यांनी डोळ्यांनी खूण केली आणि मी वर चढलो.

रेकॉर्ड मी त्यांच्याकडेच ठेवली. पुढे दर वर्षी लग्नसराई संपली की मी तिकडे जाऊन एक दुपार वाजवून यायचो. असं सहा वर्षं चाललं. सातव्या वर्षी गेलो तर सुनेने ओटीवर बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि आबा थंडीत गेल्याचं सांगितलं.

पार्टी पुढे मोडली. सोपान गेला, गणपत मुलाकडे राहायला गेला. मी अजून वाजवतो, घरात, कधी कुणी आग्रह केला तर चार लोकांत. ती चाल मी आता आबांच्या वेगाने वाजवतो, आणि त्या जागेशी आलो की बोटं उचलून थांबतो. मागे कुणी नसतं. मी मनातल्या मनात तेवढा वेळ जाऊ देतो. ऐकणाऱ्यांची चुळबूळ होते, कुणीतरी शेजारच्याच्या कानात काही सांगतो. त्यांना वाटतं, म्हातारा पुढचं विसरला.